ऋणमोचनाचा घाट : संत गाडगे महाराजांचे चरित्र

॥ रामकृष्ण हरि ॥

वारकरी माउलींनो, आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. या स्मरणिकेत चरित्र कुणाचे द्यावे, यावर बैठकीत पुष्कळ बोलणे झाले. ज्ञानोबा-तुकोबांची चरित्रे आपल्या घराघरांत आहेत, लहान पोरंसुद्धा ती सांगतात. शेवटी एकमत झाले ते गाडगेबाबांच्या नावावर. त्याला दोन कारणे.

एक तर आपण भायखळ्याचे. जे. जे. रुग्णालयापाशी बाबांची धर्मशाळा आहे. मंडईत हमाली करणारे, गिरणीत खपलेले, गावाकडून दुखणेकरी घेऊन आलेले असे आपल्यातले कितीतरी लोक तिच्यासमोरून रोज जातात, काहींनी तिथे पाठ टेकली आहे.

दुसरे कारण जड आहे. आपली निम्मी मंडळी मुंबईची आणि निम्मी गावाकडची. वारीच्या वाटेवर भाकरी खाताना आता पाऊस, बियाणं, भाव यांच्यासोबत आणखी एक विषय निघतो. अमक्या गावचा अमका गेला. कसा गेला, हे कुणी मोठ्याने विचारत नाही. सगळ्यांना कळलेले असते. पीक बुडालं, सोसायटी थकली, सावकार दारात आला, आणि माणूस आतल्या आत खचत गेला. अशा घरी सांत्वनाला गेलो की काय बोलावे ते सुचत नाही.

गाडगेबाबा अशाच एका घरात जन्माला आले होते. म्हणून त्यांचे चरित्र या अंकात, आणि या बाजूने.

कर्जाच्या काळातला जन्म

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट समाजात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव सखुबाई.

तो काळ कसा होता, हे थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या वर्षांत आपसातले युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याने हात सैल सोडला, सावकाराने पैसा सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र जागेवर राहिले. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईला यायचा. त्याच कापसावर या शहराच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि पुढे आपले आजे-पणजे त्याच गिरण्यांत आले. म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे आणि भायखळ्याच्या चाळीचे नाते फार जुने आहे.

बाबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जखते जाळली. दख्खनचा उठाव म्हणून तो इतिहासात नोंदला आहे. त्यानंतर १८७९ साली सरकारला शेतकऱ्याच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. बाबा ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला आणि तो १८७८ पर्यंत चालला. असा तो मुहूर्त.

बापाची बाटली, आईचे ओझे

झिंगराजींची शेती होती, खाऊनपिऊन सुखी घर होते. पण घरात कुळाचार कडक. देवाला बोकड आणि दारू चढायची, आणि देवाला चढलेली दारू माणसाच्या घशात उतरायची. नैवेद्य म्हणून लागलेली गोष्ट सवय झाली, सवयीचे व्यसन झाले. शेत गेले, घर गेले, अंग गेले. १८८४ च्या सुमारास झिंगराजी वारले. देबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. मरणाआधी झिंगराजींना पश्चात्ताप झाला आणि पोराला या वाटेला लावू नको, असे त्यांनी सखुबाईला सांगितले, असे चरित्रकार लिहितात.

आपण इथे जरा थांबू. दारू पिऊन मेला, एवढे म्हणून गाव मोकळे होते. पण माणूस पितो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असते? हातातून सुटत चाललेले शेत, लोकांत खाली गेलेली मान, रात्री न येणारी झोप. दारू या सगळ्यावर झाकण घालते आणि झाकणाखाली सगळे कुजत जाते. पुढे आयुष्यभर बाबांनी दारूवर कोरडे ओढले, पण दारुड्याला त्यांनी माणसातून उठवले नाही. त्यांच्या लेखी तो कुणाचा तरी बाप होता.

विधवा सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेली. तिथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांची चांगली मोठी शेती होती. देबू आधी गुरांमागे गेला, मग औताला लागला. अंगाने तगडा, कामाला वाघ. पहाटे उठून गोठा झाडणे, बैलांना न्हाऊ घालणे, पूर्णेच्या पुरात बिनधास्त पोहणे, आणि रात्री भजनात बसणे, असा त्याचा दिवस. अक्षरओळख नव्हती. गुरे राखणाऱ्या पोरांबरोबर टाळ कुटत कुटत तुकोबांचे अभंग पाठ झाले.

मामाने हाय खाल्ली

चंद्रभान मामा उमदा, कष्टाळू आणि भोळा. गावच्या सावकाराशी त्याचा व्यवहार होता. कर्ज घ्यायचे, फेडायचे, पुन्हा घ्यायचे. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. सावकार म्हणेल तिथे अंगठा. एक दिवस कळले की फेडलेले कर्ज फिटलेलेच नाही आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली आहे.

मामा त्या धक्क्यातून उठला नाही. अंगाला रोग नव्हता, ताप नव्हता. माणूस बोलेना, जेवेना, झुरत गेला आणि मेला. आपल्या भाषेत याला शब्द आहे, हाय खाणे. जमिनीची हाय खाल्ली. डॉक्टर आज याला वेगळे नाव देतील, पण गावाला हे दुखणे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते. नाव ठाऊक होते, उपाय ठाऊक नव्हता. आजोबाही त्या दुःखातच खचले.

कोवळ्या वयात देबूजीच्या डोळ्यांसमोर बाप आणि मामा असे दोन कर्ते पुरुष कर्जापायी गेले. एक दारूच्या वाटेने, दुसरा मौनाच्या वाटेने. या दोन्ही वाटा आजही गावोगाव चालू आहेत.

देबूजी मात्र तिसऱ्या वाटेने गेला. सावकार माणसे घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा त्याने औत सोडले नाही. अंगावर आलेल्यांना त्याने परतवून लावले. निरक्षर पोरगा सावकाराला नडला, ही बातमी पंचक्रोशीत झाली. या प्रसंगातला दांडगेपणा सांगणाऱ्यांना आवडतो. आम्हाला त्यातले दुसरेच मोलाचे वाटते. ज्या गोष्टीची लाज वाटून मामा घरात तोंड लपवून बसला, ती गोष्ट देबूजीने चार लोकांसमोर उघड्यावर आणली. कर्ज झाकून ठेवले की ते माणसाला खाते, बाहेर आले की त्याच्याशी दोन हात करता येतात.

बारसे आणि घर सोडणे

१८९२ साली देबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूचे जेवण घालायला हवे होते. त्यासाठी कर्ज काढायचे, हेही रिवाजातच बसत होते. देबूजीने गोडाचे जेवण केले. भाऊबंद रागावले, नावे ठेवली. पण एका घरात नवा पायंडा पडला. लग्न, बारसे, तेरावे यांच्या पायी घेतलेले कर्ज पुढच्या नापिकीत गळ्याला फास होते, हे त्याने स्वतःच्या घरात पाहिले होते.

पुढची वर्षे कठीण गेली. १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ वऱ्हाडाने भोगला. माणसे आणि गुरे पटापट मेली. या सगळ्यातून मनात काहीतरी पक्के होत गेले असावे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडले. अंगावर फाटके धडुते, हातात काठी आणि मडक्याचे खापर. पाणी प्यायला तेच, जेवायला तेच, ऊन लागले की डोक्यावर टोपीसारखे तेच. या गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. कुणी चिंधेबुवा म्हणत, कुणी गोधडे महाराज.

सुमारे बारा वर्षे ते असे भटकले. कुणी वेडा म्हटले, कुणी चोर म्हणून मारले, कुणी भाकरी दिली. घर सोडले म्हणून कुंताबाईंच्या आणि पोराबाळांच्या वाट्याला आलेले हाल आपण विसरू नयेत. पुढे बाबांच्या हातून लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण घरच्यांना त्यांनी त्यातले काही घेऊ दिले नाही. संतांच्या चरित्रात बायकांचे सोसणे एका ओळीत संपते. कुंताबाईंना आमचा वेगळा दंडवत.

ऋणमोचनाचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तिथे स्नान केले की माणूस ऋणातून मोकळा होतो, अशी श्रद्धा. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे जत्रा भरते. कर्जाने पिचलेला वऱ्हाडी कुणबी तिथे बुडी मारायला यायचा यात नवल काय?

नदीकाठी चिखल असे. बाया-माणसे घसरायची, म्हातारी माणसे पडायची. बाबा तिथे गेले ते घमेले-फावडे घेऊन. काठावर माती-मुरूम टाकून त्यांनी लोकांना पाय ठेवायला जागा केली आणि १९०८ च्या सुमारास तिथे पक्का घाट झाला. बाबांच्या हातून उभे राहिलेले हे पहिले मोठे काम.

आम्हाला हे काम फार मोठे वाटते. कर्जातून सुटायला आलेल्या माणसाची त्यांनी थट्टा केली नाही आणि पाण्यात बुडी मारून कर्ज फिटते असेही कधी सांगितले नाही. आधी त्याचा पाय घसरू नये याची सोय केली. मग संध्याकाळी कीर्तनात त्याच्यासमोर हिशोब मांडला. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, लग्नात ऐपतीबाहेर उधळू नका, दारूला शिवू नका, आणि घरातली भांडी विकावी लागली तरी पोरांना शाळेत घाला. मामाचा अंगठा ते विसरले नव्हते. वाचता आले असते तर मामा जगला असता, हे ते आयुष्यभर वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले.

झाडू आणि कीर्तन

बाबांची रीत ठरलेली होती. सकाळी गावात शिरायचे आणि कुणाशी न बोलता झाडू हातात घेऊन रस्ते झाडायला लागायचे. थोड्या वेळाने पोरं जमायची, मग तरणी माणसं, मग पाटील. दुपारपर्यंत गाव लख्ख. संध्याकाळी कीर्तन. आरत्या नाहीत, हारतुरे नाहीत, पाया पडू द्यायचे नाही. कुणाला शिष्य केले नाही, स्वतःचा मठ बांधला नाही, गुरूची गादी चालवली नाही.

त्यांचे कीर्तन म्हणजे नुसते निरूपण नव्हते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारायचे आणि हजारो लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे. एक एक पायरी चढत लोक स्वतःच कबूल करायचे की आपण चुकतो आहोत. मध्येच हशा पिकायचा, मध्येच डोळ्यांना पदर लागायचा. शेवटी देवकीनंदनाचा गजर व्हायचा आणि माणूस हलका होऊन घरी जायचा.

आपण वारकऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मनात कोंडलेला माणूस उपदेशाने मोकळा होत नाही, विचारल्याने होतो. त्याला बोलते करावे लागते. बाबा हजारांच्या मेळ्यात ते करत, आपण एकाजवळ बसून करू शकतो.

तुकोबारायांचे अभंग बाबांच्या कीर्तनाचा कणा होते आणि यामागे नुसती भक्ती नव्हती, नाते होते. तुकोबाही कुणबी, दुकानदार, घरात सावकारी. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मूल अन्नावाचून गेले. धंदा बुडाला, पत गेली, मनाची होरपळ झाली. भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर ते एकटे जाऊन बसू लागले. त्यातून बाहेर आल्यावर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी खते जाळली, त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे एका वाण्याने ती आपणहून बुडवली होती. दुःखाने मन पार मोडलेला माणूस पुन्हा उभा राहतो आणि दुसऱ्याच्या पाठीवरचे ओझे उतरवतो, याहून मोठा चमत्कार आम्हाला ठाऊक नाही.

धर्मशाळा : पाठ टेकायला जागा

बाबा वर्षानुवर्षे पंढरीला गेले, पण देवळात दर्शनाला शिरल्याचे कुणी सांगत नाही. ते वाळवंटात झाडू मारत आणि कीर्तन करत. ज्यांना देवळात मज्जाव होता, त्यांच्या बाजूला ते उभे राहिले. १९१७ च्या सुमारास त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. ज्या वारकऱ्याला पंढरीत कुणी ओसरीवर घेत नव्हते, त्याला हक्काचे छप्पर मिळाले. पुढे १९४९ साली ही इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, आळंदी, देहू आणि आणखी कितीतरी ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा झाली. शाळा, वसतिगृहे, सदावर्ते उभी राहिली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सगळ्या कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. पैसे लोकांचे, हिशोब विश्वस्तांचा, बाबांच्या हाती फक्त खापर.

मुंबईत बाबांनी काय पाहिले? भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचे. गरिबाचा तो मोठा आधार. गावाकडचा माणूस बैलगाडी, एसटी, आगगाडी करत दुखणेकरी घेऊन इथे येतो. रोग्याला खाट मिळते. बरोबर आलेल्या बायकोला, भावाला, म्हाताऱ्या आईला कुठे जागा? फुटपाथवर, झाडाखाली, स्टेशनवर. शहर अनोळखी, हातात पैसा नाही, आत माणूस जगतो की मरतो ते कळत नाही, आणि विचारायला कुणी नाही. बाबांनी हे ओळखले. १९५४ साली जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. पुढे मिशनने दादरला टाटा रुग्णालयाच्या कॅन्सर रोग्यांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी अशीच धर्मशाळा चालवली.

तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे पुष्कळ झाले. रुग्णालयालाही तीर्थ मानून तिथे धर्मशाळा बांधावी, हे बाबांना सुचले. आजारी माणसाची सेवा डॉक्टर करतात, पण त्याच्याजवळ बसलेल्या माणसाचे मन कोण सांभाळणार? त्या धर्मशाळेत एका गावची बाई दुसऱ्या गावच्या बाईला चहा देते, केसपेपर कुठे काढायचा ते सांगते, रात्री रडू लागली तर पाठीवरून हात फिरवते. तिथे औषध मिळत नाही, सोबत मिळते. आपल्या दिंडीतल्या एका माउलीने धनी आजारी असताना बरेच दिवस तिथे काढले होते. त्या सोबतीवरच तरले, असे त्या अजून सांगतात.

मुलाच्या मरणाचा प्रसंग

बाबांच्या चरित्रातला एक प्रसंग कीर्तनकार नेहमी सांगतात. कोकणात कीर्तन चालू असताना गोविंदा या मुलाच्या मृत्यूची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. मरणारी कोट्यवधी माणसे आहेत, एकासाठी किती रडावे, असा विवेक त्यामागे होता, असे सांगतात.

हा प्रसंग मोठाच आहे. पण तो सांगताना आपण एक काळजी घ्यावी, असे आम्हाला वाटते. ज्याचा तरणा पोर गेला, ज्याने विहिरीवर पैसा घालून पाणी लागले नाही, ज्याच्या बायकोने रात्री कीटकनाशकाची बाटली घेतली, अशा माणसाला हा दाखला देऊन रडू नको म्हणणे बरोबर नाही. बाबा त्या वेळी एकटे नव्हते. समोर हजारो माणसे होती, गळ्यात नाम होते, पाठीशी वीस वर्षांची साधना होती. त्यांचे दुःख कीर्तनाच्या ओंजळीत मावले. शेतकऱ्याच्या अंधाऱ्या खोलीत असे कुणी नसते. त्याला रडू द्यावे. आपण जवळ बसावे. आपल्या संतांच्या अभंगांत करुणा काठोकाठ भरलेली आहे, त्यांनी देवासमोर रडण्याची कधी लाज धरली नाही.

अखेरची वाट

१९५६ साल. अंग थकले होते, मधुमेहासारखी दुखणी जडली होती, तरी फिरणे थांबले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचे कीर्तन झाले आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. तो आवाज आजही ऐकायला मिळतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांना तो घाव जिव्हारी लागला, असे जवळचे लोक सांगत. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच बाबांनी देह ठेवला. जन्मभर वाटेवर राहिलेला माणूस वाटेवरच गेला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. पुढे त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले, अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

आपली दिंडी आणि हे चरित्र

बाबांना जाऊन इतकी वर्षे झाली, पण त्यांच्याच वऱ्हाडातून, त्यातल्या यवतमाळातून वाईट बातम्या थांबलेल्या नाहीत. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले. त्या दिवशी आजही कितीतरी लोक उपवास करून त्यांची आठवण काढतात. कापूस तोच, कर्ज तेच, हाय तीच.

मग आपण काय करावे? आपली दिंडी सरकार नाही, बँक नाही. कर्जमाफी आपल्या हाती नाही, पाऊस नाही, कापसाचा भाव नाही. पण बाबांच्या हातातही झाडू आणि खापर यापलीकडे काय होते? दिंडीच्या हाती असलेल्या चार गोष्टी आम्ही इथे मांडतो.

पहिली गोष्ट हजेरी. दिंडीत कोण आले, कोण नाही, हे विणेकऱ्याला आणि चोपदाराला ठाऊक असते. दरवर्षी येणारा टाळकरी यंदा आला नाही, भिशी दिली नाही, फोन उचलत नाही, तर त्याच्या घरी कुणीतरी गेले पाहिजे. बोलणे तुटणे, झोप उडणे, जेवण सुटणे, दारू वाढणे, देणी-घेणी घाईने आवरणे, आपल्यामागे घरच्यांचे कसे होईल असे सारखे म्हणणे, या खुणा ओळखाव्यात.

दुसरी गोष्ट विचारणे. जिवाचे बरे-वाईट करावे असे मनात येते का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट इतके दिवस कुणी विचारलेच नव्हते, म्हणून माणूस ढसाढसा रडतो. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात, शेजाऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. वाईट घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, त्या वेळी बाटली हाताशी नसली तर जीव वाचतो.

तिसरी गोष्ट दवाखाना. मनाचे दुखणे हेही दुखणेच. साखर वाढली की आपण गोळी घेतो, तसेच हे. आशाताईला सांगावे, जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात, आणि मुंबईत आणायचे झाले तर जे. जे. आपल्या दारातच आहे. सरकारची टेली मानस ही फुकट फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस धरतील, या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो माणूस ताणाखाली होता असे मानले जाते, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, असे ठरले आहे.

चौथी गोष्ट कागद. मामाच्या वेळी जे नव्हते ते आज आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. कर्जापोटी बेकायदा बळकावलेल्या जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. आपल्या दिंडीत शिकलेली पोरं आहेत, कुणी बँकेत, कुणी कोर्टात. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री हरिपाठ झाल्यावर त्यांनी तासभर बसावे, ज्याला दाखवायचे त्याने आपला कागद दाखवावा. अंगठ्याच्या जागी आता सही आली आहे, पण बारीक अक्षर अजूनही वाचून सांगावे लागते.

आणि ज्या घरातला कर्ता गेला आहे, त्या घरच्या माउलीला दिंडीत मानाने बोलवावे. कपाळ मोकळे म्हणून मागे उभे करू नये. तुळशीवृंदावन तिच्या डोक्यावर द्यावे. तिच्या पोराच्या शाळेची फी भिशीतून भरावी. बाबांना हेच कीर्तन आवडले असते.

आपल्या दिंडीने जन्म घेतला तेव्हा बाबा पन्नाशीच्या घरात होते आणि हाती झाडू घेऊन महाराष्ट्र झाडत होते. दिंडीची पहिली तीस वर्षे आणि बाबांची शेवटची तीस वर्षे एकाच काळात, पुष्कळदा एकाच वाळवंटात गेली. दुसऱ्या शतकात पाऊल ठेवताना आपण त्यांच्या नावाने हार घालू नये, त्यांना ते चालायचे नाही. येत्या आषाढीला निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका अशा घरी जाऊन यावे, जिथे सध्या कुणी जात नाही. जाताना बरोबर भाकरी न्यावी आणि वेळ न्यावा. तेवढ्यावर ही दिंडी पंढरीला पोचली असे विठोबा मानून घेईल.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल । श्री ज्ञानदेव तुकाराम । पंढरीनाथ महाराज की जय ॥